मीठ-तिखटाची कड

सकाळी दहाला भीमाबाईनं बारचं दार लोटलं, आणि पोछ्याची बादली तिच्या हातातून सुटली.

काउंटरमागं धम्मानंद पडला होता. लिंबं चेचायच्या पितळी दांड्यानं कोणीतरी त्याचं डोकं ठेचलं होतं. मानेत फळं कापायची सुरी मुठीपर्यंत रुतलेली. फुटाळा तलावाकाठच्या त्या इंग्रजी अमदानीतल्या हॉटेलात तीस वर्षं त्यानं लोकांचे पेले भरले, आणि आज त्याला ओळखायला भीमाबाईला त्याच्या मनगटातलं कडं पाहावं लागलं.

साडेदहाला पीएसआय मिनल पोचली, तेव्हा प्रेताजवळ रितिका बसली होती. बारमधली दुसरी बारटेंडर. तळवे आणि गुडघे रक्तानं माखलेले. आकाशी कुर्ता मात्र कोरा.

"सुरी कोणाची?"

"माझी. मी आली तर भीमाबाई ओरडून राहिली होती. धम्मानंदमामाचं डोकं उचलायला गेली मी."

हवालदार रामाजी मिनलच्या कानाशी लागले. "मॅडम, काल गिऱ्हाइकांसमोर ही त्याले म्हणाली, तोंड उघडलं तं सोडणार नाही तुमाले. ठाण्यातून साहेबांचा फोन होता. दुपारपर्यंत हिले आत घ्या म्हणून राहिले."

रितिकानं ते ऐकलं. "मॅडम, उद्या कोर्टात माझ्या पोरीच्या ताब्याची तारीख आहे. आज मले आत टाकलं, तर सासू भूमिकाले घेऊन जाईन. तीन वर्षांची आहे, आत्ता इथंच धोबीखान्यात बसवली आहे. माझ्याशिवाय झोपत नाही."

मिनलचं सहा महिन्यांचं बाळ प्रतापनगरला आजीजवळ होतं. निघताना त्याच्या मुठीतून तिला आपलं बोट सोडवून घ्यावं लागलं होतं. पण चेहऱ्यावर तिनं काही येऊ दिलं नाही.

"कशाबद्दल तोंड उघडणार होते मामा?"

रितिकानं नुसतं दाराकडं पाहिलं.

मिनल काउंटरपाशी गेली. गिऱ्हाइकाच्या बाजूला एकच पेला होता, पसरट तोंडाचा. या बारचं नावाजलेलं पेय त्यातच मिळे: संत्र्याचा रस, व्होडका, चेचलेली हिरवी मिरची, आणि पेल्याच्या काठाला मीठ-तिखटाची जाड कड. पेला रिकामा होता. कड मात्र जशीच्या तशी, फक्त एका जागी करंगळीएवढा ओघळ गेलेला. स्टुलाजवळ फरशीवर चार नारिंगी थेंब. बेसिन खडखडीत कोरडं, जाळीत संत्र्याची एक रेषही नाही.

धम्मानंद रोज नऊला यायचा. त्याच्याशिवाय बारच्या किल्ल्या आणखी दोघांकडे होत्या. मॅनेजर विक्की आणि मालक देवराव. मिनलनं दोघांना व्हरांड्यात बसवलं. एप्रिलचं ऊन तलावावरून उलटून अंगावर येत होतं. भीमाबाईनं पाणी आणलं.

विक्कीनं ओठ लावून पेला एका दमात संपवला.

"नऊ ते दहा कुठं होतास?"

"मागच्या गेटवर. बर्फाची गाडी आली होती. ड्रायव्हरले विचारा."

"धम्मानंदशी कसं होतं?"

"माह्यावर डाफरायचा म्हातारा. पण पेला असा बनवायचा, मॅडम, का मेलेला उठून बसंन."

देवरावांच्या पांढऱ्या शर्टावर घडीच्या रेघा होत्या. त्यांनी मान मागं टाकली, उंच पेल्यातलं पाणी वरूनच घशात ओतलं.

"तुम्ही कधी आलात, देवरावजी?"

"आत्ता, पावणेअकराले. घरून सरळ."

"स्वतः घेता?"

"हलवाई का रोज पेढे खाते? सात वर्षं झाली. बायकोची शपथ आहे, ओठाले लावत नाही." ते पुढं झुकले. "त्या पोरीले काहून बसवून ठेवलं? सुरी तिची, रक्त तिच्या हाताले. अजून काय पाहिजे तुमाले?"

मिनलनं रामाजींना देवरावांची गाडी तपासायला पाठवलं, आणि रितिकाजवळ उकिडवी बसली. "मी पण कोणाची तरी आई आहे वं. बोल."

रितिका बोलली. "विदेशी बाटल्यांत बनावट दारू भरून राहिले इथं. मागच्या महिन्यात एका पाहुण्याचे डोळे गेले. मामा आज एक्साइजमध्ये तक्रार देणार होते. बार बंद झाला तर नोकरी जाईन, नोकरी गेली तर पोरगी. म्हणून भांडली."

रामाजी परतले. हातात प्लास्टिकची पिशवी होती. मिनलनं सगळ्यांना काउंटरसमोर उभं केलं.

"अकरा घाव आहेत. घालणाऱ्याच्या छातीवर रक्त उडणारच. रितिकाच्या कुर्त्यावर एक शिंतोडा नाही. म्हणजे ती नंतर आली. सुरी रोज काउंटरवरच असते, कोणीही उचलावी.

"आता हा पेला. ओठ लावून प्यायलं असतं, तर तिथली कड पुसली गेली असती. बेसिनमध्ये ओतलं असतं, तर जाळी ओली असती. कोणीतरी तो वरून घशात ओतला. उंच पेल्यानं जमतं ते, पसरट पेल्यानं सांडतं. थोडं फरशीवर, थोडं गळ्यावर." तिनं पिशवी उघडली. "देवरावजी, घरून सरळ आलात, तर हा शर्ट डिकीत कसा? पुढून रक्त. आणि कॉलरवर संत्र्याचा रस, तिखट."

विक्की हळूच म्हणाला, "शेटजी रोज तसेच पितात, मॅडम. ओठाले लागली नाही म्हणजे शपथ मोडली नाही, म्हणतात."

देवरावांनी काउंटरवरची बाटली फोडली आणि तिचे काचेचे दात रितिकाच्या गळ्यावर रोखून झेप घेतली. रामाजींची काठी मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

ते गुडघ्यांवर आले. "त्यानं पेला बनवून देल्ला. म्हणे, शेटजी, हा माझ्या हातचा शेवटचा. मी पेलो. मग खिशातून तक्रारीचा कागद काढला त्यानं." ते मनगट धरून कण्हत होते. "माझं मीठ खाऊन मलेच कागद दाखवते?"

"घ्या यांना," मिनल म्हणाली. "आणि साहेबांना कळवा, बाईला सोडलं."

मग ती रितिकाकडे वळली. "उद्या कोर्टात कोणी आजचं काढलं, तर माझं नाव सांग. मी येईन."

भीमाबाई हॉटेलच्या धोबीखान्यातून भूमिकाला घेऊन आली. पोर धावत सुटली. रितिकाचे तळवे अजून लालच होते. तिनं ते दूर धरले, खाली बसली आणि कोपरांच्या कवेत पोरीला उचलून घेतलं.