गोजराआत्याला कुणी बोलावलंच नव्हतं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. शिरवण्याच्या त्या मांडवात अख्खी आळी बसली होती, कुणालाही विचारा. मीही होते. आजही सांगताना अंगावर काटा येतो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. माझी मावसबहीण भाविका, तिची हळद. दिवेलागणीची वेळ.

आमच्या आगरी लग्नात धवळारीण लागते. ती धवळे गाते, म्हणजे लग्नाची गाणी, आणि त्यातून देवांना अन् घरातल्या मेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलावते. धवळा पुरा झाल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही.

आमची धवळारीण गोजराआत्या. सख्खी कुणाचीच नाही, पण आत्या अख्ख्या गावाची. आईच्या मांडीवर धवळे शिकली, तरणीताठी असतानाच विधवा झाली. पण शिरवण्यापासून बोनकोड्यापर्यंत तिच्याशिवाय एक मांडव उभा राहिला नाही. काय आवाज होता बाईचा! माईक नको की काही नको, खाडीपर्यंत जायचा.

मग डीजे आले. आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर आपली पाळी येईल म्हणून बसून राहायची. पुढे पुढे बोलावणंच येईना. आणि एक दिवस खोलीत एकटीच गेली. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. वाईट वाटतं हो.

लहानपणी भाविका तिचा पदर धरून मांडवामांडवातून फिरायची. एकदा आत्या म्हणाली, "सगल्यांच्या मेलेल्यांना मी बोलावते. मी मेल्यावर मना कोन बोलवील गो? ना पोर, ना बाल."

"मी बोलवीन," भाविका म्हणाली. पोरच ती, बोलून गेली.

हळदीला धवळारीण मिळेना. भाविकाची आई प्रेमलामावशी म्हणाली, "टेन्शन नको घेऊ. दादाच्या लग्नातलं आत्याचं रेकॉर्डिंग हाय ना? तेच लाव."

मोबाईल डीजेच्या स्पीकरला जोडला. आत्याचा आवाज आला तशा बायका पाटाभोवती जमल्या. तिने सितारामाला बोलावलं, तो भाविकाचा आजोबा. पुतळाला बोलावलं, ती आजी. नामाकाकाला बोलावलं…

आणि आवाज थांबला.

स्पीकरमधून नुसता श्वास…

गाता गाता दम धरून कुणीतरी थांबावं, तसा.

"ए, बंद का केलंस रे?" भाविकाचे वडील कमळाकर डीजेवाल्यावर खेकसले.

"मी हात पन नाय लावला, काका. बघा, चालूच हाय."

पुन्हा पहिल्यापासून लावलं. सिताराम. पुतळा. नामा…

श्वास.

कमळाकरकाकांनी चिडून मोबाईल बंद केला. स्पीकरची वायरही ओढून काढली.

श्वास चालूच होता…

आता तो पाटावर बसलेल्या भाविकाच्या मागून येत होता.

बायका मागे सरकल्या. हळदीची वाटी तशीच. "या पोरीला आज हलद लागत नाय," कुणीतरी पुटपुटलं, तशी मावशी रडायलाच लागली.

भाविकाला मात्र एकदम उमगलं. रेकॉर्डिंग केलं तेव्हा आत्या जिवंत होती. मेलेल्यांत तिचं नाव कुठून असणार? तिला कुणी बोलावलंच नव्हतं.

तिने डोळे मिटले. आवाज फाटला, तरी गायली.

"गोजराआत्या… ये गो मांडवा दारी…"

श्वास थांबला.

आणि धवळा पुढे सुरू झाला… बंद मोबाईल काकांच्या मुठीत होता.

हळद लागली. लग्नही झालं.

लग्नानंतर, बोलावलेल्यांना परत पाठवायचा धवळा असतो. तोही रेकॉर्डिंगवरच वाजवला. सिताराम गेला, पुतळा गेली, नामा गेला. आत्याचं नाव त्यातही नव्हतं, आणि भाविकाला तो धवळा येत नाही.

भाविका आता सानपाड्याला राहते, चौदाव्या मजल्यावर. नवरा मिथुन कंपनीत शिफ्टला. सोसायटीत कुणी कुणाचं दार वाजवत नाही. आणि संध्याकाळी दिवा लावला, की स्वयंपाकघरात कुणीतरी गुणगुणतं…

बोनकोड्याला केशरबाई म्हणून म्हातारी धवळारीण आहे, अंथरुणाला खिळलेली. मी भाविकाला म्हटलं, चल, तिच्याकडून परत पाठवायचा धवळा शिकून घे. त्यानंतर भाविका दोनदा माहेरी येऊन गेली. बोनकोड्याला मात्र गेली नाही.

परवा संध्याकाळी तिला फोन केला. मागे गाणं चालू होतं. मला वाटलं, टीव्ही असेल.

"मिथुन घरी हाय का गो?"

"नाय ना. मी एकटीच."

गाणं थांबलं…

आणि फोनमधून मला श्वास ऐकू आला. तोच. दम धरून वाट बघणारा.

"एकटी नाय गो, चुकून बोलले," भाविका घाईघाईने म्हणाली. माझ्याशी नव्हे. "तू हायस ना… गा."

गाणं पुन्हा सुरू झालं.

मी फोन ठेवून दिला. सानपाड्याला ये म्हणून भाविका सारखी बोलावते. अजून माझी हिंमत झालेली नाही.