रत्नाच्या आवाजाची कॅसेट

"माझ्या बायकोचा आवाज कुणीतरी पुसून टाकलाय," शामकांत दळवी म्हणाले आणि पुन्हा उठून खिडकीशी गेले.

सिंगापूरच्या बेडोक भागातल्या त्या फ्लॅटवर येऊन गुरुप्रसादला दहा मिनिटं झाली होती, आणि तेवढ्यात म्हातारा चार वेळा उठला होता. त्या येरझाऱ्यांनी त्यालाही स्वस्थ बसवेना. पण त्याची बायको सुलेखा शांत होती. ती खाजगी तपासाची कामं करायची. सुट्टीच्या दिवशी तो नुसता सोबतीला.

दळवी जहाजावर चीफ इंजिनियर होते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ह्यूस्टनहून त्यांनी कॅसी मेरीवेदर या गायिकेच्या व्हिडिओंची कॅसेट आणली. रत्नाबाईंचा जीव तिच्या गाण्यांवर. कॅसेटच्या शेवटी फीत कोरी होती, तिथे दळवींनी बायकोचं रेकॉर्डिंग केलं. वर्षभरात त्या गेल्या.

"घरचा व्हीसीआर कित्येक वर्षं बंद होता. गेल्या महिन्यात माझ्या मित्रानं, चंद्रशेखरनं, दुरुस्त करून दिला. लावून पाहतो तर गाणी आहेत, रत्ना नाही!" त्यांचा आवाज खाली आला. "पोरगी म्हणते, असं रेकॉर्डिंग नसेलच, तुम्हाला भास होतो. खरंच डोकं फिरलंय का हो माझं?"

सुलेखानं कॅसेट हातात फिरवली. कडेच्या रिकाम्या खाचेवरून तिनं नख ओढलं. प्लास्टिक लख्ख, गुळगुळीत होतं.

मुलगी अदिती चहा घेऊन आली. "आई गेल्यावर बाबांनी ती कुणालाच दाखवली नाही. त्यात आई आहे की नाही, असली तर काय बोलते, मला काहीच माहीत नाही." तिचे डोळे भरले. "परवा ते गॅस चालू ठेवून खाली गेले. वृद्धाश्रमाचा फॉर्म आणलाय मी. दुसरं काय करू?"

बुकित बातोकला राहणारे चंद्रशेखर फोनवर म्हणाले, "माझ्याकडेही तीच कॅसेट होती. जूनमध्ये ऑनलाइन विकली. कुरिअरनं तांजोंग पगार भागातल्या कुठल्याशा ऑफिसात गेली."

"त्या भागात तर मीसुद्धा काम करतो," गुरुप्रसाद पुटपुटला.

जावई सौमित्र बाजार घेऊन आला. पिशवी खाली न ठेवताच म्हणाला, "एका अंगाईपायी घरात कुणाला झोप नाही! बाबांना आठवत नाही हल्ली. मी तर त्या कॅसेटला हातही लावलेला नाही."

सुलेखानं कप खाली ठेवला.

"काका, भास वगैरे काही नाही. तुमची आठवण पक्की आहे. कुणी काही पुसलेलं नाही, कॅसेटच बदललीय."

"कशावरून?" गुरुप्रसादनं विचारलं.

"विकतच्या कॅसेटवर चुकून रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून ही खाच असते. ती बुजवल्याशिवाय रेकॉर्डिंग होत नाही."

"मी चिकटपट्टी लावली होती!" दळवी ओरडले.

"इथल्या दमट हवेत इतक्या वर्षांत तिचा चिकटा बसला असता. इथे डागही नाही. म्हणजे ही दुसरी, चंद्रशेखरकाकांनी जूनमध्ये विकलेली तीच असावी. आता सांगा, रेकॉर्डिंगमध्ये काकू काय करतात?"

"अंगाई म्हणते. अदितीसाठी."

"हे कुणाला सांगितलं होतंत?"

"कुणालाच नाही."

"मग सौमित्र, तुम्हाला कसं कळलं?"

पिशवीतला एक टोमॅटो घरंगळत गेला. कुणी उचलला नाही.

"अदितीच्या वाढदिवसाला कॉपी करून द्यायची होती," सौमित्र कसाबसा म्हणाला. "मित्राच्या मशीनमध्ये अंगाई सुरू झाली आणि फीत गुंतून तुटली. घाबरलो. दुसरी ऑफिसात मागवून ठेवून दिली. व्हीसीआर पुन्हा चालू होईल असं वाटलं नव्हतं. मूळची ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. टाकून देववली नाही."

"तुटलेली फीत जोडता येते," सुलेखा म्हणाली. "फार तर एखादी ओळ जाईल."

अदिती नवऱ्याकडे बघत राहिली. "मी फॉर्म भरत होते, सौमित्र. तू शेजारी बसून पेन दिलंस मला."

सौमित्रनं पिशवी खाली ठेवली.

दळवी मात्र चपला चढवत होते. "फीत तुटते रे. जहाजावर याहून मोठ्या वस्तू मोडल्यात माझ्या हातून. पण महिनाभर मी स्वतःला वेडा समजत होतो, आणि तू ते बघत होतास. त्याचं नंतर बोलू. आधी ऑफिसला चल."

"मी घेऊन येतो, बाबा. तुम्ही बसा."

"नाही," म्हातारा दार उघडत म्हणाला. "मी आणि अदिती येतो. तू फक्त वाट दाखव."