चारशे सतरा नंबरचा लॅपटॉप

त्या दिवशी कँटीनमध्ये एकच खुर्ची रिकामी होती, म्हणून मी त्याच्यासमोर बसले. खरंच, त्यापलीकडे काही कारण नव्हतं. डबा उघडला आणि त्याच्या लॅपटॉपच्या पाठीवरचा स्टिकर दिसला. चारशे सतरा.

माझा घास हातातच राहिला.

अंधेरीतल्या आमच्या विमा कंपनीत सगळ्या लॅपटॉपवर लक्ष ठेवायचं काम माझं. कुठला चालू, कुठला बंद, सगळं माझ्या स्क्रीनवर दिसतं. आणि हा चारशे सतरा गेले दोन महिने रोज एक ते दोन बंद असायचा. माझी नोंद तसं सांगत होती. पण आत्ता सव्वा वाजला होता, आणि समोरचा मुलगा त्याच लॅपटॉपवर मान खाली घालून काम करत होता.

बाजूला छोट्या वायरीने जोडलेली एक काळी डिस्क होती. माझी नजर तिकडे गेली तशी त्याने झाकण मिटलं, डिस्क काढली आणि खिशात टाकली.

"काय करत होतास?" मी विचारलं.

"जेवत होतो." तो हसला. गालाला खळी पडली. "प्रबुद्ध. क्लेम्समध्ये. आणि तू सिक्युरिटीवाली इरावती... सगळे घाबरतात तुला."

"तू नाही घाबरत?"

"विचार करतोय."

माझ्या लक्षात आलं, त्याच्याकडे डबाच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम त्याच टेबलावर बसायला लागले. मी गेले की लॅपटॉप मिटायचा, डिस्क खिशात जायची आणि गप्पा सुरू व्हायच्या. तो मानखुर्दचा, मी मुलुंडची. माझी थालीपीठं तो आपली समजून खायचा. एकदा म्हणाला, "आज कानातले बदललेस ना?" आणि मला बरं वाटलं... मग लगेच संशय आला. हा माझं लक्ष दुसरीकडे वळवतोय का? बरं वाटण्यावरही संशय घ्यावा लागतो, असलं काम आहे माझं.

त्यात सोमवारी वाट लागली. आमच्या ग्राहकांची एक यादी बाहेर फुटली होती. आमच्या विभागप्रमुख जयंती मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "शुक्रवारपर्यंत मला नाव हवंय, इरावती."

नाव माझ्या जिभेवर होतं. मी गिळलं.

मंगळवारी एक वाजता मी कँटीनमध्ये डबा न घेता गेले.

"डिस्क लाव. माझ्यासमोर."

त्याचा चेहरा उतरला. मग त्याने डिस्क जोडली आणि लॅपटॉप सुरू केला. कंपनीचा लोगो आलाच नाही. कंपनीची सिस्टिम झोपलेली, आणि त्याच मशीनवर त्याच्या डिस्कमधली त्याची स्वतःची सिस्टिम जागी होत होती. म्हणून माझ्या स्क्रीनवर हा लॅपटॉप बंद दिसत होता तर!

मग स्क्रीनवर एक अक्षर उमटलं. मोठा, ऐटदार 'क'. पाठोपाठ 'ख', 'ग'...

"बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे," तो हळू आवाजात म्हणाला. "आता हात थरथरतो. त्यांच्या जुन्या पाट्यांचे फोटो काढून मी त्यांच्या अक्षरांचा फॉन्ट बनवतोय. घरचा लॅपटॉप शीतलला लागतो, बहिणीला, तिच्या परीक्षेसाठी. म्हणून जेवणाची सुट्टी."

"आणि कंपनीच्या फाइल्स?"

"त्यांना कुलूप आहे. माझ्या बाजूने उघडतच नाहीत. बघ तूच."

मी बघितलं. तीन वेगवेगळ्या प्रकारांनी बघितलं. एकही फाइल उघडली नाही. इतका आनंद झाला मला, की डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं.

"आता तू सांग," तो म्हणाला. "रोज इथे बसायचीस... ती चौकशीसाठी?"

"आधी चौकशीसाठी."

"आणि नंतर?"

मी स्क्रीनवरच्या 'क'कडे बघत राहिले. त्याने डिस्क काढली आणि उठून गेला.

संध्याकाळी मी जुनी कागदपत्रं काढली. बाहेरच्या डिस्कवरून लॅपटॉप सुरूच होऊ नये, अशी सोय प्रत्येक मशीनवर करायची असते. चारशे सतरा ज्या खेपेत आला होता, तिच्यातल्या चाळीस मशीनवर ती राहून गेली होती. खाली सही माझी. म्हणजे दार मीच उघडं टाकलेलं. गप्प बसले असते तर दोघंही सुटलो असतो.

पण यादी कुणी फोडली हे अजून कळायचं होतं. उद्या कुणी तेच दार शोधलं असतं तर पहिला संशय प्रबुद्धवरच आला असता. मी फोन केला.

"मी रिपोर्ट लिहितेय. तुझंही नाव आहे, माझंही."

"लिही," एवढंच म्हणाला.

यादी एका बाहेरच्या एजंटाच्या मेलमधून फुटली होती, हे गुरुवारी कळलं. प्रबुद्धला नियम मोडल्याबद्दल आठवडाभर घरी बसवलं, मला मेमो मिळाला. परत आला तेव्हा तो कँटीनमध्ये दिसेना. तीन आठवडे. थालीपीठं उरायला लागली.

मग शनिवारी मेसेज आला. 'उद्या मानखुर्दला ये. बाबांना भेटायचंय तुला.'

झापायला बोलावलं असणार, याची मला खात्री होती. तरी गेले.

प्रबुद्धचे बाबा, राजारामकाका, खाटेवर बसले होते. समोर शीतलचा लॅपटॉप, त्यावर त्यांचीच अक्षरं. "तूच ना गं, माझ्या पोराचं नाव वर कळवणारी?"

"हो, काका."

"स्वतःचंही कळवलंस म्हणे." त्यांनी मला नीट न्याहाळलं. मग थरथरतं बोट स्क्रीनला लावलं. "मग खरं सांगशील तू. हा 'ळ' बघ. पोट जास्त फुगलंय ना? हा ऐकत नाही माझं."

मी वाकून बघितलं. "फुगलंय, काका."

"बघ!" ते मुलावर ओरडले. प्रबुद्ध त्या दिवशी पहिल्यांदाच हसला.

बस स्टॉपपर्यंत तो सोडायला आला. रिमझिम होती, छत्री एकच, आणि दोघांचे बाहेरचे खांदे भिजत होते.

"रिपोर्टचा राग नव्हता गं," तो म्हणाला. "मला वाटलं... तू हसायचीस तेही चौकशीचाच भाग होता."

"वेडा आहेस का? रिपोर्टमध्ये सगळं लिहिलं मी. वेळ, तारीख, डिस्क. माझं हसणं नाही लिहिलं."

"का?"

"ते मॅडमना नव्हतं सांगायचं. तुला सांगायचं होतं... आवडतोस तू मला."

त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. अगदी माझ्यासारखंच. "पुरावा?"

मुलुंडची बस आली. कंडक्टरने दोनदा घंटी दिली. मी छत्रीच्या दांड्यावरच्या त्याच्या हातावर हात ठेवला आणि बस जाऊ दिली.