ड्रॉवरमधलं कार्ड

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण ज्यांच्यासोबत हे घडलं ते माझे सख्खे मामा आहेत. आजही हा विषय निघाला की ते उठून बाहेर जातात.

ऑक्टोबर २००२. मुरबाडची एमआयडीसी. वेळ दुपारी अडीचची. हो, भर दुपारची.

महेंद्रमामा सापगावचे. एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटचं काम बघायचे. कंपनीचं नाव सांगत नाही.

कंट्रोल रूममध्ये एक पॅनल होतं. त्यात तळहाताएवढी कार्डं ओळीने बसवलेली. प्रत्येक कार्ड प्लांटमधल्या एका जागेवर लक्ष ठेवायचं. विषारी गॅस झाला की कार्डावरचा आकडा चढायचा, लाल दिवा लागायचा, भोंगा वाजायचा.

सहा नंबरचं कार्ड सांडपाण्याच्या टाकीचं.

वर्षभरापूर्वी ते सारखं वाजत होतं. साहेब वैतागले. म्हणाले, "महेंद्र, काढ ते कार्ड. डोकं उठवलंय."

मामांनी काढलं.

तासाभराने धाऊ नावाचा कंत्राटी कामगार गाळ काढायला टाकीत उतरला.

तो वर आलाच नाही.

'पाय घसरून पडला' असं कागदावर लिहिलं गेलं. मामा गप्प बसले. नवीन कार्ड आलं. जुनं त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकलं आणि पुन्हा कधी हातात घेतलं नाही.

वर्षाने, त्या ऑक्टोबरच्या दुपारी, दिवाळीआधीची साफसफाई होती. प्लांट बंद. मशीनची घरघर नाही, कोणाचा आवाज नाही. मामांनी पॅनल बघितलं. सहा नंबरवर शून्य. म्हणजे टाकी सुरक्षित. त्यांनी टाकीत उतरायच्या परमिटवर सही केली.

दहा मिनिटं गेली असतील…

टिक.

मामांनी मान वर केली. भोंग्याआधी कार्डावरचा रिले, म्हणजे बारीकसा स्विच, वाजतो तसा आवाज. पण पॅनल शांत होतं.

टिक… टिक…

आवाज ड्रॉवरमधून येत होता.

त्यांनी ड्रॉवर उघडला.

जुनं कार्ड पेटलेलं होतं. ना वायर, ना करंट. आणि त्यावर लाल आकडे…

शून्य. तीन. पाच. तीन. शून्य.

पुन्हा तीन. पाच. तीन.

"पौर्णिमा," मामा एकदाच मला म्हणाले होते, "आकडे नव्हते गं ते. कोणीतरी श्वास घेत होतं."

मग आकडे हळू पडायला लागले. दोन… एक…

शून्य.

टिकटिक थांबली. कार्ड विझलं.

मामांनी पॅनलकडे बघितलं. तिथेही शून्यच. आणि त्यांना त्या शून्याचीच भीती वाटली.

ते धावत सुटले.

टाकीचं झाकण उघडं होतं. शिडीवर एक पोरगा छातीपर्यंत आत उतरलेला. मामांनी त्याची कॉलर धरून त्याला वर ओढलं.

तो वाळू होता. धाऊचा धाकटा भाऊ. भावाच्या जागेवर लागून महिनाही झाला नव्हता.

"तुला उतरायला कोणी सांगितलं? सोबतीला माणूस कुठाय?"

"तो दोरी आनायला गेलाय."

"मग थांबायचं ना!"

वाळूचे डोळे टाकीकडेच होते.

"दादानं हाक मारली."

"कोण दादा?"

"माझा दादा. खाली हाय तो. बोलला, ये रं, काय नाय होत."

तेवढ्यात सोबतीचा माणूस दोरी घेऊन आला. मामांनी येताना उचललेला गॅस मीटर त्या दोरीला बांधून आत सोडला. दोन हात खाली गेला नसेल, तोच किंचाळायला लागला.

नंतर कळलं, टाकीतल्या सेन्सरवर गाळ बसला होता. नवीन कार्ड कितीही गॅस झाला तरी शून्यच दाखवणार होतं.

मामांनी नोकरी सोडली. आठवड्याने ते धाऊच्या घरी गेले. त्याच्या आईसमोर, जिवलीबाईसमोर बसले. म्हणाले, "ते कार्ड मी काढलं होतं, आई."

म्हातारीने त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामा म्हणाले होते.

मग मामांनी तिला टाकीवरचं सगळं सांगितलं. कार्डाचं, हाकेचंही.

"त्याने वाळूला वाचवलं, आई. त्यानेच मला पळवलं."

जिवलीबाईने वाळूचा दंड घट्ट धरला.

"तुमाला नाय म्हाईत," ती हळूच म्हणाली. "दोगं येका ताटात जेवायची. वाळूबिगर धाऊला घास जायचा नाय."

मामांनी वाळूकडे पाहिलं.

तो मान खाली घालून बसला होता. नजर सारवलेल्या जमिनीवर. घरात कोणीच बोलत नव्हतं…

आणि वाळू मधूनमधून हुंकार देत होता.

"हं… हं…"

कोणाचं तरी ऐकत असल्यासारखा.