भिंत अजून ओली आहे

खुर्ची

दातांच्या डॉक्टरांना एक खोड लागते. समोरच्याच्या तोंडात आरसा, नळी, कापूस. त्याला बोलता येत नाही. मग डॉक्टरच बोलत सुटतात. तिला ही खोड जरा जास्तच होती.

त्या मंगळवारी खुर्चीत बसलेल्या माणसाला ती पहिल्यांदाच पाहत होती. उजवीकडची खालची दाढ किडलेली. शांत माणूस. डोळे मात्र... पण डोळे हा काही तिचा विभाग नव्हता.

"आ करा. अजून मोठा. हं. तर सांगत काय होते, मी घर बांधतेय. मातीचं. हो, मातीचंच. वेड लागलंय का, हे सगळ्यांचं विचारून झालंय, तुम्ही निवांत बसा. जोतं दगडाचं, भिंती ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या, हातभर जाड. सिमेंट जवळजवळ नाहीच. पावसाचं पाणी टाकीत, आंघोळीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून बागेत. पश्चिमेला एकही खिडकी नाही, म्हणजे दुपारचं ऊन बाहेरच बसेल. सगळं मी शिकले, मी आखलं, आणि आत्या आणि मी मिळून पहिली भिंत उभीसुद्धा केली."

"अं," तो म्हणाला.

"दुखतंय? नाही ना? मग अं कशाला? तर गाडी अडलीय बांधकाम खात्यात. पहिली भिंत त्यांनी पास केल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. आणि नापास झाली की मातीचं घर विसरा. आता त्या कचेरीतल्या ठोकळ्यांना मातीतलं काय कळतंय? एकाच्याही हाताला कधी चिखल लागला नसेल. परवा येणार आहे म्हणे कोणीतरी बघायला. येऊ दे. पाच मिनिटांत गुंडाळते त्याला."

"अं... अं."

"चूळ भरा."

त्याने चूळ भरली. ओठ टिपले. अर्धा चेहरा बधिर होता, त्यामुळे हसू फक्त डाव्या बाजूला उमटलं.

"परवा साडेदहाला," तो म्हणाला, एकेक शब्द सोडवून घेत. "ठोकळा मीच."

दुसरी कोणी असती तर जमीन दुभंगायची वाट बघत बसली असती. तिने हातमोजे काढले.

"मग दोन तास काही खाऊ नका," ती म्हणाली. "आणि परवा वेळेवर या."


पहिली पाहणी

तो वेळेवर आला. म्हणजे दहा मिनिटं आधीच, आणि फाटकाबाहेर घड्याळ बघत उभा राहिला. आत्याने त्याला आत घेतलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेली. आता भाचीच्या जमिनीवर धुम्मस मारणारी. धुम्मस म्हणजे लांब दांड्याचा, लोखंडी पायाचा ठोकणा. साच्याच्या फळ्यांमध्ये वीतभर माती टाकायची आणि धुम्मस मारत ती दगडासारखी करायची. मग वर दुसरा थर.

"हाच का तो ठोकळा?" आत्याने तिला विचारलं, त्याला ऐकू जाईल अशा बेताने.

"हाच."

"बरा आहे की."

त्याने भिंतीभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली. मग तळवा लावला आणि तसाच ठेवला, जरा जास्त वेळ. भिंतीत तांबड्या, पिवळसर, करड्या थरांच्या रेघा होत्या. आपल्याला कोणी इतक्या सावकाश पाहिलेलं नाही, असा एक भलताच विचार तिच्या मनात येऊन गेला.

"सुंदर आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

मग त्याने खिशातून खिळा काढला. छातीच्या उंचीवर अंगठ्याने दाबला. जाईना. कमरेशी दाबला. जाईना. ती आत्याकडे बघून हसली. तो खाली बसला, पायथ्याशी खिळा टेकवला, आणि खिळा पिकल्या पेरूत जावा तसा अर्धा आत गेला.

तिचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला अर्थ निघून गेला.

"भिंतीवर काय घातलं होतं?"

"प्लॅस्टिक. दोन पदरी. रोज संध्याकाळी मी स्वतः कडा दगडांनी दाबत होते, खालपर्यंत. महिनाभर."

"कशासाठी?"

"पाऊस लागू नये म्हणून."

"आणि आतलं पाणी कुठून बाहेर जाणार होतं?"

इतकी साधी गोष्ट... मातीचे दहा नमुने तिने बाटल्यांत घालून तपासले होते, वाळूचं प्रमाण चमच्याने मोजलं होतं, आणि भिंतीला वाळायला वारा लागतो एवढंच तिच्या हातून सुटलं होतं.

"फार जीव लावलात तिला," तो हळू म्हणाला. "श्वास घ्यायला फट ठेवली नाहीत."

"मी सांगत होते," आत्या म्हणाली. "बाळंतिणीसारखं गुंडाळू नकोस म्हणून."

"वाळेल ना पण? तुम्हाला मनातून काय वाटतं?"

"मनातलं लिहायला या कागदावर जागा नाही."

शेरा असा होता: पायथ्याचा दोन फूट भाग ओला. भिंत नापास. दोन महिन्यांनी अखेरची पाहणी. तेव्हाही नापास झाल्यास मातीच्या बांधकामाची परवानगी रद्द.

तिने सही केली. फाटकापर्यंत जाऊन तो वळला.

"दाढ अजिबात दुखत नाही. काम उत्तम झालंय."

"तेही माहीत आहे," ती म्हणाली. आवाज थोडा ओला होता. तो कोणी तपासला नाही.


रविवार

दोन महिने नुसती वाट बघता आली असती. भिंत वाळलीही असती, वरवर तरी. पण किडलेल्या दाढेवर तिने आजवर कधी चकचकीत टोपी बसवली नव्हती. रविवारी सकाळी तिने पहार उचलली आणि स्वतःची भिंत स्वतः पाडायला घेतली.

मातीचं हे बरं असतं, पाडलेली भिंत फेकावी लागत नाही. ढेकळं फोडायची, वाळवायची, पुन्हा ओलवायची, पुन्हा साच्यात. घर चुकलं तरी उकिरडा होत नाही.

अर्धी भिंत पडली तेव्हा फाटक वाजलं. तो. विटका सदरा, बाह्या दुमडलेल्या.

"आज कोण म्हणून आलात?" तिने विचारलं.

"आज सुट्टी आहे."

"ते नाही विचारलं मी."

तो जरा घुटमळला. "...धुम्मस कुठे आहे?"

दुपारपर्यंत उरलेली भिंत पडली, जोत्यावर नवा साचा लागला. त्याला धुम्मस धरता येत होता. नुसता येत नव्हता, त्याचे खांदे धुम्मसाला ओळखत होते. पहिले ठोके बोदे, धप्प, धप्प; मग हळूहळू कोरडे; आणि शेवटी माती टणक वाजू लागली. त्याच क्षणी तो थांबला.

"आवाज बदलला की थर झाला. पुढे मारलं तर उलट फुटतो."

"हे कचेरीत शिकवतात?"

"आजोबांनी शिकवलं. ते मातीच्या भिंती घालायचे." तो पुढची माती पसरू लागला. "त्यांची एक भिंत पडली होती. आत कोणी नव्हतं. पण मी बघत होतो. खालून बसली ती, पायथ्यातून. आजोबा त्यानंतर कोणाच्या भिंतीला गेले नाहीत... म्हणून माझ्या खिशात खिळा असतो."

ठोकळा म्हटल्याचं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.

"कचेरीबद्दल मी जे बोलले होते..."

"बाकीच्यांबद्दल बरोबर होतं," तो म्हणाला.


दुसरा रविवार. त्याचा तळहात सोलवटला. तिने पट्टी बांधली, गरजेपेक्षा दोन वेढे जास्त. "दाताच्या डॉक्टरला चालतं का हे?" "चालत नाही. गप्प बसा."

तिसरा रविवार. भिंत डोक्याएवढी. आत्या दूर बसून फळ्या घासत होती. तिने बजावलं, "मी तीस वर्षं पुढे बघून गाडी चालवलीय. मागे काय चाललंय ते सगळं आरशात दिसतं मला."

चौथा. काम संपलं होतं. तो तरीही आला. कर्दळीचा वाफा खणला.

पाचवा.


पाऊस

पाऊस अचानक आला, तिरका. ती प्लॅस्टिककडे धावली, आणि मध्येच थांबली. यावेळी फक्त माथा झाकायचा. अंग मोकळं.

तिने एका बाजूने ताडपत्री वर टाकली, त्याने दुसऱ्या बाजूने ओढली. मध्ये भिंत. एकमेकांना दिसत नव्हते. फक्त माथ्यावर चार हात, कापड घट्ट धरून. तिच्या बोटांना त्याची बोटं लागली. काढून घ्यायला काही हरकत नव्हती. वारा होता म्हणून... नाही, वारा तर केव्हाच पडला होता.

"आहात ना?" भिंतीपलीकडून तो.

"जाणार कुठे? माझंच घर आहे."

पाणी भिंतीला न शिवता ताडपत्रीवरून पुढे पडत होतं.

"अखेरच्या पाहणीला तुम्हीच याल ना?" तिने विचारलं.

पलीकडची बोटं तिथेच होती, पण जरा सैल झाली.

"...बघतो," तो म्हणाला.

सहाव्या रविवारी तो आला नाही. सातव्याही. आठव्या रविवारी तिने फाटकाकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि दिवसभर ते पाळण्यातच दमली.


अखेरची पाहणी

साडेदहाला एक बाई आल्या. जाड चष्मा, हातात छोटी हातोडी, चेहऱ्यावर कसलीच घाई नाही.

"ते येणार नाहीत. फाईल आता माझ्याकडे आहे," बाई म्हणाल्या.

तिने भिंतीला हात टेकवला. या बाईंनी आजवर मातीची एकही भिंत पास केलेली नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर आधार त्यासाठी लागला नव्हता. आला नाही. साधं सांगितलंही नाही. बरं. भिंत तिची होती, त्याची नव्हती. ती पदर खोचावा तसा आवाज खोचून म्हणाली, "तपासा. सगळीकडून तपासा."

बाईंनी खरंच सगळीकडून तपासली. छातीशी, कमरेशी, कोपऱ्यात. मग सावकाश खाली बसल्या आणि पायथ्याशी खिळा लावला. अंगठ्याने गेला नाही. हातोडीने एक हलका ठोका. खिळा वाकला. बाईंनी पर्समधून दुसरा काढला. तोही वाकला. त्यांनी दोन्ही खिळे तळहातावर घेऊन पाहिले, जणू चूक खिळ्यांची होती.

"कोणी ठोकलीय?"

"आम्ही," ती म्हणाली. 'मी' म्हणायचं होतं.

बाईंनी कागदावर शिक्का मारला. पास. आत्याने फळीवरच बसकण मारली.

"इथे सही करा. पण आधी मागचं पान वाचा. नियम आहे."

तिने पान उलटलं. पावसाच्या रविवारनंतरच्या सोमवारची तारीख. अक्षर ओळखीचं.

'सदर बांधकामावर मी सुट्टीच्या दिवशी स्वतः काम केले आहे. तसेच अर्जदाराविषयी माझे मन आता तटस्थ राहिलेले नाही. सबब अखेरची पाहणी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी. ती माझ्याहून कडक असावी. मी पास केलेल्या भिंतीवर लोक शंका घेतील, आणि ही भिंत शंका घेण्यासारखी नाही. अर्जदाराच्या मनात असेच काही आहे किंवा कसे, याची चौकशी केलेली नाही. पाहणी पूर्ण होईपर्यंत करणार नाही.'

तिने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं हलायला लागली.

"सव्वीस वर्षं झाली नोकरीला," बाई म्हणाल्या. "असला शेरा पहिल्यांदा बघितला. तीन टेबलं फिरून माझ्याकडे आला."

"म्हणजे तिघांनी वाचला?"

"तिघांनी मनात. शिपायाने मोठ्याने."


कागदाबाहेर

सही करून ती फाटकाबाहेर आली. रस्त्यापलीकडे बंद दुकानाच्या पायरीवर तो बसला होता. तिला येताना पाहून उठला.

"दोन महिन्यांतले तीन रविवार कुठे होतात?"

"याच पायरीवर. आत यायचं नव्हतं, आणि घरी बसवत नव्हतं."

"आणि इथून दिसत काय होतं?"

"आत्या. त्यांनी दोनदा हात केला मला."

ती मागे वळली. आत्या आभाळातले ढग मोजत होती.

"तुमची काहीतरी चौकशी राहिलीय म्हणे," ती म्हणाली. "करा."

त्याने घसा साफ केला. "अर्जदाराने..."

"मी आता अर्जदार नाही. पाच मिनिटांपूर्वी पास झालेय. नीट विचारा."

तो सगळे कागद बाजूला ठेवल्यासारखा म्हणाला, "मला तू आवडतेस. तुझं काय?"

'तू' तिच्या कानाला लागला. बरा लागला.

"खोटं नाही बोलणार," ती म्हणाली. "हे घर मी एकटीसाठी आखलं. एक टेबल, खिडकीत एकाची बैठक, पुस्तकांना एक फळी. कोणाची उणीव म्हणून नाही. मला तसंच हवं होतं."

त्याने मान हलवली. सावकाश, समजून घेत, आणि जायला निघाल्यासारखा.

"थांब की. बोलतेय मी. आता ती बैठक अरुंद वाटायला लागलीय. नकाशा बदलायचा म्हटलं तर अर्ज कोणाकडे करायचा?"

"बाईंकडे." तो परत तिच्याकडे वळला. "मी या फाईलला हात लावू शकत नाही."

"कधीपर्यंत?"

"जोवर... वैयक्तिक संबंध आहे तोवर."

"मग बाईंनाच कळव, फाईल कायमची त्यांच्याकडे ठेवा म्हणून," ती म्हणाली. "आणि या घरात तुला एकही चूक काढता येणार नाही."

"कागदावर नाही," तो म्हणाला. यावेळी हसू चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना होतं.

ती रस्ता ओलांडून परत आली. दुसऱ्या भिंतीच्या साच्याची लांब फळी जोत्याशी पडली होती. तिने एक टोक उचललं आणि मागे न बघता उभी राहिली. दुसरं टोक जमिनीवर होतं.

फार वेळ राहिलं नाही.