वेष्टनावरची साठ वर्षे

स्मृतिकोठारातल्या डॉ. शर्वाणी लाटकरांना आठवड्यातून दोनदा तरी हे समजावून सांगावे लागे, आणि दर वेळी समोरचा माणूस फितीच्या वेष्टनावर बोट ठेवून एकच वाक्य बोले. अच्युत तगाऱ्यांनीही तेच केले.

"यावर साठ वर्षं लिहिलंय, डॉक्टर."

"लिहिलंय, काका."

विस्मरणाचा आजार पन्नाशीतच गाठू लागला, तेव्हापासून प्रत्येकाच्या नावाने एक स्मृतिफीत असे. कानामागच्या चकतीतून आठवड्याच्या आठवणी दर रविवारी घरच्या यंत्रात उतरत, तिथून कोठारात येत आणि चुंबकीय फितीवर लिहिल्या जात. आजार झालाच, तर त्या मेंदूत परत भरायच्या. तगाऱ्यांची पत्नी कुमुदिनी आता कोणालाच ओळखत नव्हती. शेजारच्या खोलीत ती पडून होती. कोणीही हात धरला तरी हसायची.

"फीत मुळात चोवीस वर्षांचीच असते," लाटकर म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "साठ हा संकोचन धरून काढलेला आकडा. आपलं आयुष्य म्हणजे बरंचसं तेच ते. तोच रस्ता, तेच भाजी निवडणं. इथलं यंत्र ते एकदाच पूर्ण लिहितं, पुढे नुसती 'मागच्यासारखंच' अशी खूण करतं. काही गळत नाही, जागा मात्र वाचते. म्हणून चोवीसात साधारण साठ मावतात."

"मग हिचं तर रोज तेच होतं. घर आणि स्वयंपाक. हिची शंभर मावायला हवीत."

"मावली असती. पण तुम्ही घरूनच कुलूप लावून पाठवत होतात."

कुलूप म्हणजे दुसऱ्या कोणाला वाचता येऊ नयेत म्हणून आठवणींची केलेली उलथापालथ. कुलूप लावले की दोन सारख्या दिवसांतही यंत्राला काही सारखे सापडत नाही. प्रत्येक दिवस ते नवाच समजते आणि पूर्ण लिहून काढते. लग्नाच्या वर्षी सुरू झालेली कुमुदिनीची फीत अशी चोवीस वर्षांतच भरली.

"कोठाराने तीन पत्रं पाठवली होती, काका."

तगाऱ्यांनी ती फाडून टाकली होती. वेष्टनावर साठ असताना हे लोक दुसरी फीत गळ्यात मारायला बघताहेत, असे ते तेव्हा शेजाऱ्यांना ऐटीत सांगत.

"म्हणजे त्यानंतरची अकरा वर्षं?"

"लिहिलीच गेली नाहीत."

तगाऱ्यांनी वेष्टनावरचे बोट काढून घेतले. मग खाली बघत म्हणाले, "इथे कोणी वाचेल, या भीतीनं कुलूप लावलं होतं. मी हिच्यावर हात उचलायचो."

 असले काही ऐकायचे त्राण लाटकरांमध्ये उरले नव्हते, आणि उठून जाणेही शक्य नव्हते.

"दहा वर्षांपूर्वी मुलगी घर सोडून गेली. त्यानंतर एकदाही नाही. हिचा खांदा आखडल्यापासून वेणीसुद्धा मीच घालतो. एकदा म्हणाली होती, झालं गेलं ते मी सोडून दिलंय." त्यांनी फितीकडे बघितले. "ते नसेलच यात."

"नसेल."

"आठवणी भरल्याच नाहीत तर?"

"वर्षभरात काकू घास गिळणंही विसरतील."

तगाऱ्यांना फार लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती. त्यांनी कागद ओढून सही केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुमुदिनीने डोळे उघडले. छताकडे, खिडकीकडे बघितले आणि मग तिची नजर नवऱ्यावर येऊन थांबली.

"अहो," ती म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिने त्यांना हाक मारली होती.

तगाऱ्यांना भरून आले. तिची उशी नीट करायला ते हात पुढे करून वाकले, तशी कुमुदिनीने अंग चोरले आणि दोन्ही हात डोक्यावर धरले.

डॉ. लाटकरांनी तक्त्यात नोंद केली : पतीला ओळखले.