छातीतली नळी

"त्या नर्सला आजच्या आज हाकला!" इस्पितळात रुग्णाचा धाकटा भाऊ गुप्तहेरावर ओरडलाच. "माझा दादा मरता मरता वाचलाय."

दादाच्या फुप्फुसाभोवती पू साचला होता. छातीत नळी घालून पू आणि हवा पाण्याच्या बाटलीत काढत होते. भेटीची वेळ संपल्यावर नर्सला दादा गुदमरताना दिसला. बाटलीजवळचा नळीचा चिमटा कुणीतरी बंद केला होता. तो तिनंच उघडला, आणि आळही तिच्यावरच आला.

"तिचंच काम," गुप्तहेराचा मेहुणा म्हणाला. "चिमट्याला दुसरं कोण हात लावणार?"

"मेहुणे, जरा दम धरा. छापखान्यात जाऊन आलात?"

"आलो. दादांच्या छापखान्यात नुसती फरशी! एक यंत्र नाही."

नर्सचे डोळे रडून लाल झाले होते. "भेटीच्या आधी चिमटा उघडाच होता, साहेब. झाडणाऱ्याचा पाय लागायचा म्हणून आज दुपारी बाटली मी पलंगापलीकडे भिंतीशी ठेवली. एवढंच केलं. नोकरी गेली तर घर कसं चालवू?"

दादाची बायको, म्हणजे वहिनी, आधी भेटून गेल्या होत्या. "मी खुर्चीतच बसले होते. आज बाटली दिसली नाही, वाटलं काढली. बरं वाटलं हो जिवाला. छापखाना सध्या भावोजी बघतात, पण यांना तर कधी एकदा तिथे जातो असं झालंय."

मग धाकटा. "वहिनी गेल्यावर मी बसलो. दादाचा डोळा लागला होता. खुर्चीतून हललोसुद्धा नाही. बाटलीतलं पाणी श्वासाबरोबर छान वरखाली होत होतं. मी निघेपर्यंत सगळं ठीक होतं!"

गुप्तहेरानं सगळ्यांना दादाच्या पलंगाशी नेलं.

"मेहुणे, या खुर्चीत बसा. पाणी हलतंय?"

मेहुण्यानं मान वाकडी केली. "अहो, इथून बाटलीच दिसत नाही!"

"वहिनींनाही दिसली नव्हती. मग या धाकट्यांना कशी दिसली? पाणी बघायचं तर पलंगाला वळसा घालून भिंतीशी जावं लागतं. चिमटाही तिथेच. हे गेले, चिमटा दाबला आणि वर हललोच नाही म्हणून सांगितलं. पाण्याबद्दल यांना कुणी विचारलंही नव्हतं."

"पण का?" वहिनींचा आवाज फुटला.

"दादा आजारी पडल्यावर यांनी यंत्रं विकून खाल्ली. दादा बरे होऊन छापखान्यात गेले असते, तर बिंग फुटलं असतं."



"आई गेली तेव्हा हा पाळण्यात होता," दादा धापा टाकत म्हणाला. "माझ्या हातानं भरवलंय याला. मेल्या, यंत्रांसाठी मी तुझा जीव घेतला असता का रे?"

त्याला खोकल्याची उबळ आली. धाकट्यानं घाईघाईनं पाण्याचा पेला पुढे केला.

दादानं हात आडवा धरला. "तू नको. नर्सबाई देतील."